वाटाणा गल्लीतली भिंत

तार्तू शहरात एक पेठ आहे, तिचं नावच सूपनगर.
गल्ल्यांना भाज्यांची नावं: बटाटा, वाटाणा, घेवडा.
लाकडी घरं खांद्याला खांदा लावून उभी,
आणि मधूनमधून एखादी दगडी भिंत,
बिनखिडकीची, छपराच्याही वर डोकं काढलेली.
तिला इथे म्हणतात आगीची भिंत.

वाटाणा गल्लीत वाइके राहते.
चाळीस वर्षं सुईण होती. आता गुडघे कुरकुरतात,
आणि कॉम्प्युटरही.
मी तो बघायला जातो, पैशांऐवजी
ती शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी देते.

"काउर, अँटिव्हायरस आहे ना आत?
दरवर्षी पैसे मोजते मी त्याचे.
मग ही फायरवॉल कशाला आणखी?
एका बाळंतिणीला दोन सुइणी लागत नाहीत."

मी पोर्ट, पॅकेट असं काहीबाही सांगायला गेलो
आणि माझा मलाच कंटाळा आला.
म्हटलं, हे तुझं मांजर बघ.
आत शिरलेला उंदीर ते धरतं,
कधी अर्धा खाऊन सोडूनही देतं.
पण शेजारचं घर पेटलं तर?

"पेटलं होतं," ती म्हणाली. "मी सात वर्षांची.
रात्रभर भिंत तापत गेली,
आम्ही पोरं हात लावून बघायचो, आई ओरडायची.
सकाळी पलीकडे नुसतं धुराडं उभं,
आणि आमचे पडदेसुद्धा जागच्या जागी."
मग लगेच: "उंदीर मात्र त्या भिंतीने कधी अडले नाहीत हं."

नाहीच अडणार. म्हणून तर मांजर.

विंडोजमध्ये एक भिंत होतीच खरं तर,
नातवाने बंद केलेली, कुठलासा गेम चालेना म्हणून,
चार नाताळांपूर्वी.
ती सुरू केली, वर आणखी एक बसवली,
बाहेर जाणाऱ्यालाही हटकणारी.
"आणि कुंपणानेच शेत खाल्लं तर?"
खातं कधीकधी, मी कबूल केलं.

बूट चढवत होतो तोच पडद्यावर चौकट उमटली:
एक अनोळखी प्रोग्राम बाहेर जाऊ पाहतोय. जाऊ द्यायचं?

अँटिव्हायरसने त्याला कधीच हात लावला नव्हता.
रोग नव्हताच तो.
मी फाइल उघडली. नुसते आकडे, तारखा,
आणि हाप्सालूतल्या कुणाचा तरी पत्ता.

वाइके स्टुलावर बसली.
एल्मारने मागच्या प्लमच्या झाडाला थर्मामीटर बांधला होता,
हवामानाच्या नादी लागलेला एक मित्र होता त्याचा तिकडे.
एल्मारला जाऊन सहा वर्षं झाली.
सहा वर्षं ह्या घरातून दर रात्री कुणीतरी कळवत होतं
इथे थंडी किती आहे,
आणि तिलाच पत्ता नव्हता.

माझा धंदा म्हणतो, ओळख नसेल तर दार लाव.
मी लेस बांधत राहिलो, बांधलेलीच.

तिने चष्मा पुसला, आकडा वाचला.
"उणे नऊ," म्हणाली, "बरोबर आहे,"
आणि 'हो'वर बोट ठेवलं.

भिंतीचा आणखी एक प्रश्न होता:
कायमचं, की फक्त या वेळेपुरतं?

"या वेळेपुरतं," वाइके म्हणाली.
"उद्या पुन्हा विचारू दे मला."