गावभाग, मे महिना

बीएस्सीचं मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून
आईनं कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली.
म्हणजे आता मी मोकळी.

सकाळी साडेपाचला कृष्णेवर.
पलीकडं जाऊन परत यायचं, मध्ये न थांबता.
अजून जमलेलं नाही.
पलीकडं वांग्याचं रान आहे इरगोंडा आजोबांचं,
त्यांना माझा दम मोजायची सवय लागलीय:
"आज धापा कमी हाईत."

दुपारी गच्चीवरच्या पत्र्याखाली
हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर चित्रं.
पोतं आधीच पिवळं,
निळा लावला की हिरवट होतो,
नदी काढायला जावं तर दर वेळी शेत.
मी पोत्याशी भांडणं सोडलंय.

नळाचा वायसरही बदलला,
अल्लाबक्षचाचांना दुकानात विचारून.
बाबांनी तीनदा सोडून, बंद करून पाहिला,
बोलले काहीच नाहीत,
चौथ्यांदा सोडून तांब्याभर पाणी प्यायले.

फोनवर मावशी विचारते, पुढं काय मग?
आई म्हणते, "पोहतीय ती सध्या,"
जशी ती एखादी कंपनीच.

आता भिंती.
डबाभर पांढरा आणलाय, ब्रश बाबांच्या दाढीएवढा राठ.
बाहेरच्या खोलीत पुराची रेघ आहे,
तेवढी बोटभर पट्टी मी सोडून देते.
तेव्हा ती माझ्या नाकाशी होती,
आता हनुवटीला लागते.

आई बघते, म्हणते, "पुस की ते."
मग स्वतःच पदरानं
रेघेवरची धूळ तेवढी झटकते.