डावा कान

पुंता अरेनासहून पोर्वेनीरला बोटीनं दोन तास,
वारा मेहेरबान असला तर.
ट्रक साखळ्यांनी जखडून झाले की माझं काम संपतं.
मग इंजिनाच्या उबेला, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून
मी टॅब्लेटवर कुत्री रंगवतो.

कुत्री, मेंढ्या, एकदा एक ग्वानाको,
एकदा शाळेतल्या पोरांचं कासव,
ते मुळात दगडासारखं दिसायचं
आणि चित्रात तर दगडच झालं.
लोक फोटो पाठवतात. पैसे मी घेत नाही.
कुणी अंडी देतं, कुणी लोकरीचे मोजे.
खलाशी हसतात: एलिसेओ, म्हातारपणी हे काय काढलंस?
म्हणतो, कुत्रा काढलाय.

पहिली गोष्ट कळली ती ही,
की पांढरी मेंढी पांढरी नसते.
फोटोतल्या लोकरीवर रंग उचलायची नळी टेकवली
तर हाती आला जांभळट राखाडी,
पोटाखाली गवताचा हिरवा, पाठीवर चक्क आभाळ.
तीस वर्षं मेंढ्यांचे ट्रक चढवले, उतरवले,
एकीकडेही धड बघितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट: डोळा शेवटी.
डोळा आधी काढला तर जनावर बघत राहतं
आणि कुणी बघत असताना
निवांत चुका करता येत नाहीत.

मार्चमध्ये दोन्या ओर्तेन्सिया आल्या,
बिस्किटांच्या डब्यात एकच फोटो, मधोमध घडी पडलेला.
तिसोन. काळा, छातीवर विस्तवाएवढा तांबूस ठिपका,
दक्षिणेच्या कुरणांवर अकरा वर्षं राबलेला.
फोटो हललेला. मागे कुंपण,
कुंपणामागे नुसता वारा
आणि डाव्या कानाच्या जागी
मोठा, धूसर, गुलाबी गोळा:
अंगठा. भिंगावर आलेला.

सात फेऱ्या लागल्या. जाताना पाठ, येताना पाय.
उजवा कान उचलला, उलटा केला, डावीकडे बसवला,
जरासा दुमडला, कारण वारा पश्चिमेचा.
माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला कान.

दोन्या ओर्तेन्सियांनी चष्मा पुसला. परत पुसला.
"कान छान झालाय," म्हणाल्या,
"अंगठा कुठे गेला?"

म्हटलं, ती चूक होती.

"हो. अर्तेमियोची.
एवढाच आलाय तो फोटोत.
बाकी वेळी कॅमेरा नेहमी त्याच्याच हातात."

परतीच्या बोटीत बसलो खरा,
पण अंगठा काही येईना.
केस नसलेलं काही काढायची सवयच नाही हाताला.
स्वतःचा धरला दिव्यासमोर:
ग्रीसच्या रेघा, साखळीत चेमटलेलं नख,
सगळं फारच स्पष्ट.
मग चष्मा काढला.
तेव्हा कुठे तो अर्तेमियोचा दिसायला लागला,
गुलाबीही नव्हता तो, कडेला केशरी,
ऊन आरपार आलेलं.

कान मी पुसला नाही.
तो खालच्या लेयरवर आहे,
वाऱ्यानं दुमडलेला, अंगठ्याच्या आड.
हे त्यांना सांगितलेलं नाही.

डोळा शेवटी.
लाटा होत्या, दोनदा रेघ हुकली.
जमला तेव्हा लक्षात आलं,
तिसोन माझ्याकडे बघतच नाही.
त्याची नजर जराशी वर,
जिथे फोटो काढणाऱ्याचा चेहरा असतो तिथे.

धक्क्यावर दोन्या ओर्तेन्सियांनी टॅब्लेट मांडीवर घेतला
आणि आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला.
चित्र हाताबरोबर सरकलं, कुत्रा अर्धा बाहेर गेला.
घाबरून हात मागे घेतला त्यांनी.
काही बिघडलं नाही, मी म्हटलं,
ठेवा परत,
जातं ते थोडं इकडे तिकडे.