नांगर

उद्यमनगरात, इलाहीचाचा शिकलगारांच्या फाउंड्रीत मी म्हटलं,
नांगर ओतून पाहिजेत. बावीस नग.
"बैलाचा का ट्रॅक्टरचा?"
समुद्राचा.
तेव्हा त्यांनी हातातली वाळू खाली ठेवली.

पत्र्याच्या टेबलावर नकाशा पसरला,
एका कोपऱ्यावर चहाचा ग्लास, एकावर जुनं बेअरिंग.
हे बघा, अंदमानच्या अलीकडे खोल घळ आहे.
आपल्या बाजूचा तळ इथं पलीकडच्याखाली शिरतो,
वर्षाला दोन बोटं, कुठं कुठं तेवढंही नाही.
"आणि अडला तर?"
अडतोच. शे-दोनशे वर्षं अडून बसतो,
मग दोन-चार मिनिटांत सगळी थकबाकी.

"कोयनेच्या साली मी पाळण्यात होतो," ते म्हणाले,
"आई सांगायची, कुणी हात न लावता पाळणा हलला."
कोयनेचं वेगळं, चाचा.
"पाळण्यातल्याला काय वेगळं?"

वाळूत पॅटर्न अडला की ओढायचा नसतो,
हे त्यांनी मला दाखवलं. कडेनं हलकं ठोकत राहायचं,
टक, टक, वाळूला कळू न देता.
"तिथं खाली कोण ठोकतंय?"
तेच ऐकायला जातो आम्ही.

यंत्र काचेच्या गोळ्यात. गोळा नांगरावर.
नांगर त्याला तळाला नेतो, वर्षभर धरून ठेवतो.
मग जहाजावरून हाक द्यायची,
यंत्र नांगर सोडतं आणि तरंगत वर येतं.
"आणि नांगर?"
राहतो.
"म्हंजे आमचा माल परत येत न्हाई.
मग फिनिशिंग कशाला?"
तरी बावीसच्या बावीस कडा त्यांनी स्वतः घासल्या.

एकवीस वर आले.
चौदा नंबरला आम्ही तीन रात्री हाका मारल्या.
दर वेळी उत्तर यायचं. आहे.
सोड म्हटलं की, आहे.
चौथ्या दिवशी कप्तानानं डिझेलचा आकडा दाखवला
आणि जहाज वळवलं.

कोल्हापुरात आल्यावर सांगायला गेले.
त्यांनी वही काढली, चौदावर बोट ठेवलं.
"त्या दिवशी लाइट गेलती. माल दुसऱ्यांदा वितळवला.
कड राहिली असंल माझी."
नाही हो, चिखलात रुतलं असेल, हुक गंजला असेल,
कितीतरी कारणं असतात.
त्यांनी वही मिटली नाही.

"आता काय करत असंल ते?"
ऐकत असेल. बॅटरी मार्चअखेरपर्यंत आहे.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
मग मागं वळून
घण मारणाऱ्या पोराला म्हणाले,
"जरा दमानं रे."