ओली खूण

पहाटे साडेचारला, मोटर चालू व्हायच्या आधी,
मी बोरिंगचं झाकण उघडते.
रात्रभर पंप बंद, पाणी आपल्या जागी आलेलं असतं.
दिवसा मोजलं तर ते धापा टाकत असतं,
खरं काही सांगत नाही.

माझ्याकडे दोरी आहे. टोकाला लोखंडी नट,
दर दहा फुटांवर लाल रिळाचा दोरा, पन्नासाला हिरवा.
शेवटच्या काही हातांना शिवणाचा खडू घासते,
तोच, ज्यानं अर्ध्या लोकमान्य नगरचे ब्लाउज आखले.
भिजला की खडू गडद होतो.
दोरी वर घेते, खूण बघते, वहीत लिहिते:
कार्तिक, चौऱ्याऐंशी.
माघ, एकशे बारा.
वैशाख, एकशे एकोणनव्वद.
आठ वर्षं.

हे म्हणायचे, "बायकांच्या कमरा संपल्या वाटतं,
आता जमिनीचं माप घेतेस."
मी म्हणायचे, तीही बारीक होत चाललीये,
फक्त कपडे सैल झाल्याचं दिसत नाही.

गेल्या चैत्रात नर्मदेचा नळ
एक दिवसाआडचा दोन दिवसांआड झाला.
सोसायटीची बैठक. रिसबूड म्हणाले,
"सहाशे फूट. एकदाच काय ते."
मी वही उघडली.
"मावशी, वहीत पाणी नसतं."
सगळे हसले. मीही हसले. खरंच नसतं.

रात्री अकराला गाडी आली, तामिळनाडूच्या नंबराची.
सेल्वम नावाचा पोरगा, कानात कापूस,
दर दहा फुटांना फावडंभर चुरा काढून
भिंतीलगत ढीग मांडत गेला:
काळी माती. पिवळा मुरूम. राखाडी.
मग बोटभर जाड तांबडा थर,
लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमध्ये
जमिनीला मिळालेली उसंत.
एकशे सत्तरला चुरा ओला झाला. टाळ्या वाजल्या.
तीनशेला धूळ.
चारशे, पाचशे,
भेग नसलेला काळा पाषाण.
सहाशेला रिसबूड म्हणाले, "अजून पन्नास?"
सेल्वम मोडक्या हिंदीत म्हणाला
की पैसे तुमचे आहेत,
पण हा दगड माझ्या ओळखीचा आहे.

सकाळी जास्वंदीवर, वाळत्या धोतरावर,
मी कापून ठेवलेल्या अस्तरावर
तीच बारीक पूड. झटकली तरी शिवणीत राहिली.

वैशाखात जुन्या बोरिंगला दोनशे एक.
बारा फूट कुठे गेले, मला माहीत होतं.
एकशे सत्तरचं ते ओलं आमचंच होतं,
एकाच ठाणातून दोन गिऱ्हाइकांचं कापलेलं.
दोघांपैकी कुणाच्या तरी बाह्या
आखूड होणारच.

भिंतीपलीकडून अजमेरांच्या सूनबाई म्हणाल्या,
"तुमची मोटर लागली की आमची हवा ओढते."
"किती वाजता?"
त्यांनी वेळ सांगितली. मी लिहिली.
मग दोरी घेऊन त्यांच्या अंगणात गेले.
वहीत पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचा आकडा:
एकशे अठ्ठ्याण्णव.
एवढंसं अंतर. भिंत मात्र सात फुटांची,
वर काचा लावलेल्या.

आता सकाळी ते, संध्याकाळी आम्ही.
मधे सहा तास कुणीच नाही.
पहिल्या पंधरवड्यात पाणी चार फूट चढलं,
मग एक उतरलं,
अजमेरांकडे लग्न होतं.
मी समासात लिहिलं: लग्न.

आज झाकण उघडलं तेव्हा
रिसबूड टॉर्च घेऊन उभे होते.
बैठकीबद्दल काही बोलले नाहीत.
नट खाली गेला, लाल, लाल, हिरवा,
आणि खूप खालून, उशिरानं,
डुबुक.
ते वाकून ऐकत राहिले,
आवाज थांबल्यावरही.
मग विचारलं, खडू कुठल्याही रंगाचा चालतो का.

म्हटलं, निळा घ्या.
पांढरा अंधारात बरा दिसतो,
पण ओलं निळ्यावर लवकर कळतं.