घर पाहावं तळघरातून

घर पाहावं ते तळघरातून,
असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो,
आणि ते हसून वर जातात, ओट्याचा दगड बघायला.
व्हर्नेटा गेली नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
बफेलोच्या बर्फात, एकाही पोराला खरचटू न देता.
टॉर्च तिने स्वतःचा आणला होता.

दुमजली लाकडी घर, दोन बिऱ्हाडांचं, शंभरी ओलांडलेलं.
बाहेरून ताजा राखाडी रंग,
विकायच्या घरांना हल्ली फासतात तोच.
तळघरात विटांवर पांढरा क्षार फुललेला.
तिने बोटावर घेतला, मिठासारखा चोळून बघितला.
"किती?"
म्हटलं, छपराची पन्हळ आत्ता बाहेर वळवलीत तर दोनशे डॉलर.
नाही वळवलीत तर पाचेक वर्षांनी भिंत.
वहीत तिने दोनशे लिहिलं.
भिंत लिहिली, आणि खोडली.

मग मैलापाण्याच्या नळात कॅमेरा सोडला.
पडद्यावर मातीचा जुना पाइप,
सांध्यासांध्यातून शिरलेली मॅपलची मुळं,
मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखी.
दलाल म्हणाला, एवढ्या जुन्या घरात हे असायचंच.
"असायचंच ना?
मग किमतीतही असू दे."
साडेआठ हजार उतरले त्या एका वाक्यावर.
माझी फी चारशे दहा.
तिची तिने पावती मागून घेतली.

वरच्या मजल्यावर झिगमंट,
एकोणीस वर्षांचा भाडेकरू, पायात लोकरी सपाता.
दलालाने आवाज खाली आणला:
भाडं बाजारापेक्षा तीनशेनं कमी आहे,
म्हातारा काढा, रंग द्या,
दीड वर्षात पैसे वसूल.
आकडे बरोबर होते. मी पाहिले.

झिगमंटला ऐकू कमी येतं म्हणतात.
त्याने आम्हाला मोरीखालचं कपाट उघडून दाखवलं.
उत्तरेच्या भिंतीतला नळ गोठतो, पारा फार उतरला की,
तेव्हा हे दार उघडं ठेवायचं
आणि तोटीतून थेंब थेंब चालू द्यायचा, रात्रभर.
मुख्य व्हॉल्व्ह कोळशाच्या जुन्या कोठीमागे,
तो उलटा फिरतो. सुलट फिरवलात तर हातात येईल.
"एकदाच फुटला नळ.
मी बहिणीच्या मयतीला गेलो होतो तेव्हा."

माझा अहवाल शेहेचाळीस पानांचा.
छप्पर, पाया, वायरिंग, धुराडं,
प्रत्येकाला रकाना, प्रत्येकाला फोटो.
व्हर्नेटाने तो उलटसुलट चाळला आणि विचारलं,
"हा माणूस कुठे आहे यात?"

तिने घर घेतलं.
भाडं चाळीसनं वाढवलं,
झिगमंट महिनाभर तिच्याशी बोलला नाही,
मग कडाक्याच्या थंडीत पहाटे चारला फोन केला:
चालू केलाय थेंब. झोपा.

लोक मला विचारतात, तुमचं स्वतःचं घर कसं आहे?
होतं.
घ्यायला गेलो तेव्हा मी आधी वर गेलो होतो.
दलाल म्हणाला होता, माडीवरून सरोवर दिसतं.
दिसायचं.