सतरावी पट्टी

साकीनाक्याचा गाळा, तिसरा मजला.
खालचे पत्रे कापणारे जेवायला बसले
की आम्ही मोजायला घेतो,
कारण जमिनीची थरथर भिंगात दिसते.

हिऱ्याचं टोक दहा किलोचं ओझं घेऊन
पांढऱ्या ॲल्युमिनावर उतरतं.
पंधरा सेकंद.
उठतं तेव्हा मागे मिठाच्या कणाएवढा पतंग,
आणि त्याच्या चारी कोपऱ्यांतून निघालेल्या चिरा.
पतंगाचे कर्ण मोजले की कठीणपणा कळतो,
चिरा मोजल्या की चिवटपणा.
दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे असतात.
त्यांचं आपसात फारसं पटत नाही.

मोडेन पण वाकणार नाही :
शाळेच्या भिंतीवर हे तैलरंगात होतं.
इथं मी त्याला एकच शब्द लिहितो.
ठिसूळ.

काल तीस पट्ट्या मोडल्या.
एका गोणीतली भुकटी, एक साचा,
एकच भट्टी, सोळाशे अंश,
तरी तीस वेगळे आकडे. ते चालायचंच.
पण सतरावी निम्म्या वजनावरच गेली,
कपाचा कान उडावा तसा आवाज करून.

मोडलेलं तोंड भिंगाखाली धरलं.
कडेपासून जरा आत एक पोकळी,
लांबट, बारीक, वळण घेत गेलेली.
बुडबुडा असा नसतो.
केस होता तो.
भुकटीत पडला, साच्यात दाबला गेला,
भट्टी तापायच्या आधीच जळून गेला,
आणि ॲल्युमिना आवळत आवळत दगड झाला तरी
त्याची जागा त्यानं बुजवली नाही.
वळणासकट ठेवली.

भुकटी भरायला सुगंधा वैती असते, भांडुपची.
तिला वर बोलावलं. काही बोललो नाही,
नुसतं भिंगाकडे बोट केलं.
तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
"माझा नाही," म्हणाली. "माझे सरळ.
कुरळे तुमचे होते, साहेब.
परवा गोणी फोडताना वाकला होतात,
टोपी न घालता."

अहवालात लिहिलं :
बाहेरचा तंतू, उगम अज्ञात.
सतरावीचा आकडा मात्र गाळला नाही.
सरासरी खाली आली. येऊ दे.

तुकडे टाकून द्यायचे असतात.
माझ्या खणात आहेत, रबर लावून.
मधूनच काढून जुळवतो, जुळतात.
माझ्या डोक्यावर आता कुरळं असं
कानामागेच काय ते उरलंय, तेही पिकलेलं.
हा एक तेवढा
पिकायचा राहिला.