शब्द अडला तर

अँटॉप हिलच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर, नववी ड.
पटावर अठ्ठावीस जण,
घरी मराठी बोलणारं एकही नाही.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
ओळीखाली बोट ठेवू देऊ नका, वेग मंदावतो.
दोन आठवडे मी बोटं उचलत फिरले.
मग मुबश्शिरा तिसऱ्या ओळीवरून घसरली ती थेट सातवीत,
तेव्हा म्हटलं, ठेव बाई, ठेव.

ळ फक्त अळगेसनला येतो.
बाकीचे त्याला अलगेसन म्हणतात.
तो ओ देतो,
पण देण्याआधी जरा थांबतो.
त्यालाच फळ्यापाशी उभं केलं:
जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा.
सत्तावीस जिभा वळल्या, चार पोचल्या.
मी सांगितलं, कळलं म्हणजे समजलं,
कललं म्हणजे एका बाजूला झुकलं.
सगळे एका सुरात म्हणाले,
कललं, बाई.

पिंटू निषाद उभा राहिला.
"मी अख्खा धडा वाचलो."
कशापासून, मी विचारलं,
आणि हसले मी एकटीच.
वाचलं आणि वाचलो यातला फरक सांगण्यात
उरलेला तास गेला.
तो म्हणाला, मग बरोबरच आहे,
फार कठीण होता.

एक गोष्ट मात्र रोज घोकून घेतली:
शब्द अडला तर थांबायचं नाही,
मला विचारायचं नाही, शब्दकोश नंतर.
पुढच्या ओळीत जायचं, तिथून वळून बघायचं.
गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की
आपण शेजारच्यांनाच विचारतो ना,
हे करतात काय?
तसंच.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मुबश्शिरा आली.
चार घड्यांचा कागद, वर महापालिकेचा शिक्का,
मागे खळ, आणि खळीबरोबर सुटून आलेला
दाराचा निळा रंग.
"बाई, निष्कासित म्हणजे...
नका, सांगू नका."

बोट ठेवलं.
अनधिकृत. पोटमाळा. सात दिवसांच्या आत.
बोट पुढे सरकलं,
होणारा खर्च आपणाकडून वसूल करण्यात येईल,
तिथून मागे वळलं
आणि त्या शब्दाखाली येऊन उभं राहिलं.

खाली पटांगणात कुणीतरी
रिकामा डबा बाकावर आपटत होतं.

"तोडतील," ती म्हणाली.
"आणि तोडायचे पैसे आमच्याकडूनच."

इतकं अचूक उत्तर वर्षभरात कुणी दिलं नव्हतं.
शाबास ओठांपर्यंत आलं,
गिळलं.
नुसतं विचारलं, कळलं ना सगळं?

तिने कागद होता त्याच घड्यांवर मिटला.
"कललं, बाई."

मी दुरुस्त केलं नाही.